मदत हवी आहे: अमेरिकेला मिक्सर न्यावा का?

नमस्कार मंडळी. आई-बाबा पुढच्या महिन्यात ताईकडे न्यू जर्सीला चाललेत, सहा महिन्यांसाठी. कांदा-लसूण चटणीचा डबा बॅगेत गेलाच आहे, आता आईला तिचा मिक्सरही न्यायचाय. तिथल्या मिक्सरला पांढऱ्या रश्श्याचं वाटण जमत नाही म्हणे!

इथे कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका दुकानात १५० रुपयांचा अडॅप्टर मिळाला. दुकानदार म्हणाला, "हे लावा, सगळं चालतंय बघा." मला ते पटेना. अडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. आपल्याकडे २३० व्होल्ट, तिकडे १२०. मोबाईलच्या आणि बाबांच्या लॅपटॉपच्या चार्जरवर १००-२४० लिहिलंय, त्यामुळे त्यांची काळजी नाही. मिक्सरवर मात्र नुसतं २३० आणि ७५० वॅट.

तर विचारायचं असं, की कुणी स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर (१२० व्होल्टचे २३० करणारा) लावून आपला मिक्सर तिथे वापरलाय का? किती वॅटचा घेतला, गरम होतो का? की तिथेच ११०-१२० व्होल्टचा भारतीय पद्धतीचा मिक्सर घेणं शहाणपणाचं?

दुसरं, लॅपटॉपचा प्लग तीन पिनी आणि हा अडॅप्टर दोन पट्ट्यांचा, म्हणजे अर्थिंग गेलं. धातूच्या बॉडीला हात लावला की झिणझिण्या येतात, असं ऐकलंय. अर्थिंगवाला चांगला अडॅप्टर कोल्हापुरात कुठे मिळेल?

पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवायची, हे बाबांना तीनदा सांगून झालंय. तुम्हीपण सांगा, माझं ऐकत नाहीत.