भाडेपट्ट्याच्या भूखंडावर रेडीमिक्स प्लांट: सिमेंटची धूळ, गटारात पाणी, शाळेच्या रस्त्यावर मिक्सर. तक्रार कुठे करायची?

खाडीकाठ, घणसोली

नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीच्या पूर्वेच्या कंपाउंडला लागून महापालिकेचा भूखंड आहे, तो एका ठेकेदाराला भाडेपट्ट्याने दिलाय. तिथे रेडीमिक्सचा, म्हणजे तयार काँक्रीट बनवायचा, प्लांट आहे: दोन सायलो (सिमेंट साठवायच्या उंच टाक्या), खडी आणि क्रश सँडचे उघडे ढीग, एक डिझेलची टाकी. रात्री बल्कर (सुट्टं सिमेंट आणणारे टँकर) रिकामे होताना सायलोच्या माथ्यावरून पांढरे लोट निघतात, सकाळी गॅलऱ्यांत थर बसलेला असतो. मिक्सर धुतलेलं पाणी पावसाळी गटारात जातं. गाड्या रिव्हर्स घेत थेट शाळेच्या रस्त्यावर येतात. इमारतीत दम्याचे रुग्ण आहेत, लहान मुलं आहेत. नेमक्या कोणत्या मुद्द्यावर, कोणाकडे तक्रार करावी?

बॅचिंगप्लांट

सायलोवरून लोट निघतात म्हणजे बॅग फिल्टर काम करत नाही. बल्करमधलं सिमेंट हवेच्या दाबाने पाइपातून वर ढकलतात. ती सगळी हवा सायलोच्या माथ्यावरच्या फिल्टरमधून गाळून बाहेर पडायला हवी. फिल्टरच्या पिशव्या कॉम्प्रेसरच्या हवेच्या झटक्यांनी सतत झाडल्या जातात. कॉम्प्रेसर बंद असेल किंवा दमट हवेत पिशव्यांवर सिमेंट धरलं असेल, तर हवा अडते, सायलोत दाब चढतो आणि सेफ्टी व्हॉल्व्ह उघडून सिमेंट बाहेर फेकलं जातं. सायलो गच्च भरला तरी तेच. म्हणून लेव्हल इंडिकेटर चालू हवा, आणि सायलो भरला की भरणीचा व्हॉल्व्ह आपोआप बंद व्हायला हवा.

सगळ्यात जास्त धूळ बल्कर संपता संपता उडते. आत माल उरत नाही, दाबाखालची हवा एकदम वर सुटते. ड्रायव्हरला निघायची घाई असेल तर त्याने दाबही वाढवलेला असतो. एक बल्कर रिकामा व्हायला साधारण तासभर लागतो. व्हिडिओ शेवटच्या दहा मिनिटांचा काढा.

यातलं काहीच दुरुस्तीपलीकडचं नाही. पिशव्या बदलायच्या, फिल्टर चालू असल्याशिवाय भरणीचा व्हॉल्व्ह उघडणारच नाही अशी जोडणी करायची, ढिगांना तीन बाजूंनी भिंत आणि वर छप्पर, कन्व्हेयर झाकलेला, आतली जमीन काँक्रीटची, गेटवर चाकं धुवायची सोय. मिक्सरच्या पाण्यासाठी निदान तीन कप्प्यांची गाळटाकी हवी, आणि निवळलेलं पाणी पुन्हा प्लांटमध्येच वापरायचं. हे पाणी बऱ्यापैकी अल्कधर्मी असतं आणि त्यातला गाळ गटारात घट्ट होऊन बसतो. मग तो छिन्नीने फोडून काढावा लागतो. तोवर पाऊस आला तर पाणी रस्त्यावर तुंबतं, नाहीतर खाडीत जातं.

दप्तर

तक्रारीत 'त्रास होतो' एवढंच लिहू नका. कोणती अट मोडली ते दाखवा, म्हणजे उत्तर द्यावंच लागतं.

पहिला कागद भाडेकरार. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा करार नोंदणीकृत असावा लागतो, त्यामुळे नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चवर सूची क्रमांक २ (नोंदवलेल्या कराराचा गोषवारा) शोधता येते. पूर्ण प्रत माहिती अधिकारातून मागा: करार, नकाशा, मंजुरीचा ठराव, आणि आजवरच्या तपासणीचे अहवाल व नोटिसा. अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्जात एकच विषय आणि १५० शब्द, म्हणून मालमत्ता विभाग आणि नगररचना विभाग यांना वेगवेगळे अर्ज करा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील.

करारात तीन कलमं बघा: भूखंडाचा वापर कशासाठी, पोटभाड्याने द्यायची परवानगी आहे का, आणि शेजाऱ्यांना उपद्रव न करण्याची अट. करार 'साहित्य साठवण्यासाठी' असेल आणि तिथे प्लांट चालत असेल, तर अटीचा भंग आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ८१ब खाली भाडेकरूला बाहेर काढण्याचे अधिकार आयुक्तांना आहेत. भूखंड मुळात सिडकोकडून कोणत्या वापरासाठी आला आणि विकास आराखड्यात त्यावर आरक्षण काय आहे, तेही तपासा.

दुसरा कागद महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतिपत्र. त्यात उत्पादनक्षमता, फिल्टर, सांडपाणी आणि मुदत लिहिलेली असते. मुदत संपली असेल तर तक्रारीचा पहिला मुद्दा तोच.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाकडे कलम १४ खाली जायला तक्रारीचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिने असतात. पत्रव्यवहारात ती मुदत निसटू देऊ नका. लोटांची पहिली तारीख आजच लिहून ठेवा.

धूळमापक

समोरचा हमखास म्हणेल की ही रस्त्याची धूळ आहे. घरच्या घरी फरक कळतो. स्वच्छ स्टीलच्या ताटल्या रात्री गॅलरीत आणि प्लांटपासून दूरच्या बाजूला ठेवा. सकाळी लगेच दोन्हीकडची धूळ वेगवेगळी, १०० मिली डिस्टिल्ड पाण्यात चमचाभर घालून दहा मिनिटं थांबा आणि पीएच पट्टी (पाणी किती अल्कधर्मी आहे ते रंगावरून दाखवणारी) बुडवा. ताज्या सिमेंटने पीएच ११ च्या वर जातो, साध्या मातीच्या धुळीने सहसा ७ ते ८.५. चमचाभर जमली नाही तर पाणी त्या प्रमाणात कमी घ्या. धूळ शिळी झाली की हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने आकडा उतरतो, म्हणून उशीर नको. शेजारी बांधकाम चालू असेल तर तसं नोंदवा.

हिवाळ्यात रात्री वारा बहुधा जमिनीकडून खाडीकडे असतो. प्लांट पूर्वेला असल्याने रात्रीची धूळ तुमच्याचकडे येणार.

स्वस्त सेन्सरच्या आकड्यांवर भिस्त ठेवू नका, दमट हवेत ते जास्त दाखवतात. मंडळाकडून किंवा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून २४ तासांचं मापन मागा. मर्यादा पीएम १० (हवेतले १० मायक्रॉनपर्यंतचे कण) साठी १०० आणि पीएम २.५ (त्याहून बारीक, २.५ मायक्रॉनपर्यंतचे) साठी ६० मायक्रोग्रॅम प्रतिघनमीटर. आवाजाची मर्यादा निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल. व्हिडिओची मूळ फाइल मोबाइलमध्येच राहू द्या. व्हॉट्सॲपवर फिरलेली प्रत पुढे कमी कामाची.

खाडीकाठ, घणसोली

फार उपयोग झाला, मंडळी. डिझेलच्या टाकीबद्दल आणि गेटबद्दल कोणी सांगेल का? टाकी आमच्या भिंतीलगतच आहे.

बॅचिंगप्लांट

डिझेल एकूण २५०० लिटरपर्यंत आणि एका टाकीत १००० लिटरपेक्षा जास्त नसेल, तर पेट्रोलियम कायद्याखाली परवाना लागत नाही. त्यावर असेल तर लागतो. अग्निशमन विभागाला टाकीची क्षमता आणि भिंतीपासूनचं अंतर लिहून कळवा, फोटो जोडा. सायलोचं स्थैर्य प्रमाणपत्रही मागा. खाडीकाठच्या भरावाच्या जमिनीवर पाया कसा घातला, हा प्रश्न इथे विचारलाच पाहिजे.

गेटचं म्हणाल तर सहा घनमीटरचा भरलेला मिक्सर साधारण २५ टनांचा असतो आणि डाव्या बाजूला, अगदी जवळचं ड्रायव्हरला दिसत नाही. गाडी आतच वळून तोंड पुढे करून बाहेर आली पाहिजे. जागा नसेल तर गेट दुसऱ्या रस्त्याला हलवा, हीच मागणी ठेवा. तोवर झेंडीवाला माणूस आणि शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी गाड्या बंद, असं पत्र वाहतूक पोलिसांना शाळेच्या सहीनिशी द्या.