परदेशात बसून ऐतिहासिक वास्तू रंगवलीय का कुणी?

मांडवीकाठ
चवथीची साफसफाई चाललीय, माळ्यावरून जुनी स्केचवही निघाली. कडांना बुरशीचे तांबूस डाग, पण लिस्बनचा बेलेम टॉवर जसाच्या तसा! सोळाव्या शतकाच्या सुरुवातीचा, तेजू नदीच्या काठावर. आपल्याकडून मिरी घेऊन गेलेली गलबतं ह्याच्यासमोरूनच लिस्बनात शिरायची. आपला चिरा लाल, तिथला दगड सायीसारखा. म्हणून उन्हाच्या बाजूला कागद कोराच सोडला, सावलीत निळ्यात थोडा गेरू मिसळला. एका बुरुजाखाली गेंड्याचं झिजलेलं डोकं कोरलंय. 1515 साली गुजरातच्या सुलतानाचा गेंडा गोव्याहूनच जहाजाने लिस्बनला गेला होता. चित्र काढायला बसले म्हणून तो दिसला, नाहीतर फोटो काढून पुढे गेले असते. तुम्ही कुठे बसलात? लिहा.

डिचोलीकर
अंगकोर वाट. सगळे पहाटे गर्दी करतात, पण देऊळ पश्चिमाभिमुख. सकाळी सूर्य मागे, समोर नुसती काळी आकृती. दुपार कलली की कोरीवकाम उजळतं. आणि पाण्यातलं प्रतिबिंब आधी उरकायचं, वारा सुटला की गेलं.

रानफूल
ताई, गेंडा!! फोटो टाका ना

फोंडेकार_दुबई
सुट्टीच्या दिवशी दुबईच्या जुन्या वस्तीत, अल फाहिदीत बसायचो. जुनी घरं, वर वारा खाली आणणारे बुरूज, भिंती प्रवाळाच्या दगडाच्या. उन्हात वॉश (पाणीदार रंगाचा पातळ थर) पसरायच्या आत वाळतो, पाण्यात ग्लिसरीनचा थेंब घालायचा. एक पठाण टॅक्सीवाला बराच वेळ मागे उभा होता. मोबाइलवर गावच्या किल्ल्याचा फोटो दाखवून म्हणाला, हा काढून देशील? दिला काढून. पैसे काढायला लागला, मी म्हटलं चहा पाज. त्याचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे.

साखळीची_सून
मेडिकलमधलं ग्लिसरीन चालतं का? लेकीला आल्तिनोच्या कला महाविद्यालयात जायचंय, दर रविवारी पणजी चर्चच्या पायऱ्या रंगवत बसते.

फोंडेकार_दुबई
चालतं वहिनी. थेंबभरच हं, जास्त झालं तर कागद चिकट राहतो. पोरीला शाबासकी सांगा.

मांडवीकाठ
@रानफूल टाकते गं, सकाळपासून लाईट नाही. डागांचं काय करू?

डिचोलीकर
उन्हात अजिबात ठेवू नका, रंग उडेल. वही नीट सुकली की मऊ कोरड्या ब्रशने हलकेच झटका, मग सिलिका जेलच्या पुड्या घालून डबा बंद.

शापोरा
केनियातल्या मोंबासाचा फोर्ट जीझस किल्ला! मामा तिथे नोकरीला होते, त्यांच्याकडे गेले तेव्हा काढला. 1593 मध्ये पोर्तुगीजांनी बांधायला घेतला, आराखडा कैराती नावाच्या इटालियनाचा. तो गोव्यातही काम करायचा. तिथेही प्रवाळच, भोकाभोकांचा. ओल्या ब्रशने जमेना, कोरडा ब्रश खरखरीत कागदावर ओढला तेव्हा कुठे दगड दगडासारखा दिसायला लागला. मामांनी ते चित्र शेवटपर्यंत भिंतीवर ठेवलं.

रानफूल
अगं, माझे आजोबाही मोंबासात होते, रेल्वेत! मामा कुठल्या भागात राहायचे?

शापोरा
ओल्ड टाऊनच्या जवळच. व्यनि (वैयक्तिक निरोप) करते, जेवणं आटपू देत.