मदत हवी आहे: बिल दर महिन्याला पूर्ण भरते, तरी क्रेडिट कार्डामुळे गृहकर्ज अडलंय

गोदाकाठची:
मंडळी, नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ टू बीएचके पसंत केलाय, ४२ लाखांचा. टोकन देऊन झालंय. कर्ज ३३ लाखांचं हवंय आणि तेही माझ्या एकटीच्या पगारावर, कारण अहोंनी यंदाच धंदा सुरू केलाय. मी अंबडला एमआयडीसीत आहे, हातात ५८ हजार पडतात.

काल बँकेतल्या बाईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीच्या सवयीचे गुण, ७११. "कार्डाचा वापर खूप आहे मॅडम, आणि एक थकबाकीही दिसतेय." मी गारच पडले!

रोजच्या वापरातलं कार्ड एकच, लिमिट १ लाख. किराणा, पेट्रोल, मुलीची फी, सासूबाईंची औषधं, सगळं त्यावर. शिवाय मोबाइलचा ४,६०० चा हप्ता, अजून सात बाकी. बिल बनतं त्या दिवशी लिमिट जेमतेम १८ हजार उरलेली असते. पण बिल मुदतीत पूर्ण भरते.

थकबाकी निघाली ती दुसऱ्याच कार्डाची. ट्रॉली बॅग फुकट मिळते म्हणून एका मॉलमधल्या टेबलावर घेतलं होतं (बॅगेचं चाक शिर्डीच्या पहिल्याच फेरीत निखळलं). दोनदा वापरून कपाटात टाकलं. त्याचं ५९० रुपये वार्षिक शुल्क राहिलं, ते दंड लागत लागत २,९०० वर गेलंय. पत्ता बदलल्यामुळे मला काही कळलंच नाही. आता काय करू?

तीनपायरी:
ती दोन्ही कार्डं कापून टाका ताई. रोख व्यवहार, शांत झोप.

सातपूरकर:
कापू नका! मी पाच वर्षं कर्जाच्या फायली फिरवल्यात, म्हणून सांगतो. वापरातलं कार्ड बंद केलं की लिमिट जाते आणि जुना चांगला इतिहासही हळूहळू मागे पडतो.

तुमचा घोळ तारखेचा आहे. तुम्ही पैसे भरता ते बिल बनल्यावर, आणि सिबिलकडे, म्हणजे कर्जांची नोंद ठेवणाऱ्या कंपनीकडे, बहुतेक वेळा बिलातलाच आकडा जातो. त्यांना १ लाखातले ८२ हजार वापरलेले दिसतात, तुम्ही नंतर भरलेत ते त्या आकड्यात नसतं. म्हणून बिल बनण्याच्या तीन-चार दिवस आधीच भरून टाका. वापर लिमिटच्या ३० टक्क्यांच्या आत दिसला तर बरं. १ जानेवारी २०२५ पासून बँकांना ही माहिती निदान दर पंधरा दिवसांनी पाठवावी लागते, त्यामुळे फरक दिसायला पूर्वीइतकं थांबावं लागत नाही.

पण स्कोअरपेक्षा मला तो मोबाइल जास्त खुपतोय. बँक सगळे हप्ते मिळून साधारण पगाराच्या निम्म्यापर्यंत चालवून घेते असं समजू, म्हणजे २९ हजार. साडेआठ टक्के, २० वर्षं धरली तर लाखाला ८६८ रुपये हप्ता. ३३ लाखांना २८,६०० च्या आसपास, म्हणजे काठावर बसतंय. पण त्या २९ हजारांतून मोबाइलचे ४,६०० गेले की उरतात २४,४००. त्यात २८ लाखच बसतात. एका मोबाइलने पाच लाख खाल्ले! प्रीक्लोजर (मुदतीआधी मिटवण्याचं) शुल्क आणि त्यावरचा जीएसटी गेला तरी चालेल, तो हप्ता आधी मिटवा.

२,९०० चं म्हणाल, तर कस्टमर केअरवाला "थोडं कमी करून सेटल करू" म्हणेल, तेवढं टाळा. रिपोर्टवर 'सेटल्ड' शेरा आला की बँकवाले नाक मुरडतात. पूर्ण भरा, काही देणं बाकी नसल्याचं नो ड्यूज पत्र घ्या, मग कार्ड बंद करायची लेखी विनंती द्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने, देणं बाकी नसेल तर सात कामाच्या दिवसांत बंद व्हायला हवं, नाहीतर बँकेने तुम्हाला दिवसाला ५०० रुपये द्यायचे असतात. झालेला उशीर मात्र पुसला जात नाही, ३६ महिन्यांच्या रकान्यांत दिसत राहतो. तेव्हा पत्ता बदलल्याची हकिकत लिहून पावतीसकट फाइलला लावा.

आणि रागाच्या भरात चार बँकांत अर्ज टाकू नका. प्रत्येक चौकशीची नोंद होते.

गोदाकाठची:
दादा, हप्त्याचं गणित अहोंना मोठ्याने वाचून दाखवलं. मोबाइल त्यांचाच आहे.

२,९०० भरले. पत्र ईमेलवर येईल म्हणतात, पण मी शिक्क्याचंच मागितलंय. मोबाइलचा हप्ता भिशीच्या पैशांतून मिटवतेय. माझं बिल १२ तारखेला बनतं, तेव्हा ८ लाच भरणार. बँकेतल्या बाई म्हणाल्या, महिनाअखेरीनंतर या, रिपोर्ट पुन्हा काढू. बिल्डरने टोकनची मुदत वाढवताना कुरकुर केली, पण लिहून दिलं.

एकच राहिलं: मुलीची फी पुढच्या महिन्यात ३८ हजार आहे. ती कार्डावर नकोच ना?

सातपूरकर:
कर्जाचे पैसे हातात पडेपर्यंत नकोच. चेक द्या.