वर्षाचे गहू (इंदूर): शरबती, लोकवन की आणखी काही?

राजेंद्रनगरची_सून
नमस्कार मंडळी. वर्षाच्या गव्हाबद्दल सल्ला हवा आहे.

आजवर हे सगळं आमच्या सासूबाई बघत. पाडव्याच्या सुमारास छावणीच्या मंडीत जायच्या, चार दुकानांत दाणा चावून बघायच्या आणि लोडिंग रिक्षात पोत्यांशेजारी बसून घरी यायच्या. यंदा त्यांचे गुडघे फार धरलेत, म्हणून काम माझ्याकडे आलंय. मला गव्हातलं काही कळत नाही. माहेरी आम्ही महिन्याचं दहा किलो किराण्याबरोबरच आणायचो.

घरात चार माणसं, दोन क्विंटल लागतात. हमाली, भाडं, छनाई (गहू चाळून घेण्याचे पैसे) सगळं धरून ७,००० रुपये. त्याच्या वर जमणार नाही, मुलाची फी याच महिन्यात भरायची आहे. सकाळी सातला केलेली पोळी दुपारी डब्यात मऊ राहिली पाहिजे. कुठला गहू घेऊ, कुठून आणि केव्हा? कोठीत किडे होऊ नयेत म्हणून तुम्ही काय करता?

जुना_इंदूरकर
शरबती. दुसरा विचारच नको. सीहोर-आष्ट्याकडचा, काळ्या जमिनीत पावसाच्या ओलीवर आलेला. दाणा सोन्यासारखा चमकतो, हातात घेतला की वजन लागतं. सीहोरच्या शरबतीला २०२३ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकनही मिळालं. आमच्या घरी चाळीस वर्षं दुसरा गहू आलेला नाही. मी मागच्या वर्षी क्विंटलला ४,८०० च्या भावानं घेतला आणि एका पैशाचा पश्चात्ताप नाही. खाण्यात काटकसर करू नये.

अन्नपूर्णारोड
जुना_इंदूरकर काका, शरबती चांगलाच, पण तो शरबतीच आहे हे कोण सांगणार? मी दोन वर्षांपूर्वी एका दुकानातून 'सी-३०६ आहे, अस्सल शरबती, डोळे मिटून घ्या' असं ऐकून दीड क्विंटल घेतला. वर छान चमक. दळून आणला तर पोळी दोन तासांत कडक. आमच्या चक्कीवाल्यानं दाणे हातावर घेतले आणि म्हणाला, 'ताई, हा पॉलिश केलेला लोकवन आहे.' क्विंटलमागे पंधराशे रुपये जास्त मोजले होते. वर्षभर त्या पोळ्या खाताना रोज जिवाला लागायचं.

देवासकर
म्हणूनच गहू शेतातून घ्यावा. आमचं देवासजवळ शेत आहे. आमच्याकडचा गहू इंदूरची बारा घरं नेतात, मागणी इतकी की फेब्रुवारीतच नावं लिहून घ्यावी लागतात. यंदा ओंबी अशी भरली आहे की बघत राहावं. मंडीत जाऊन हमाली, तोलाई कशाला भरायची?

राजेंद्रनगरची_सून
@देवासकर दादा, तुमच्याकडे दोन क्विंटल मिळतील का? भाव काय?

देवासकर
यंदाचा सगळा बोलला गेला आहे ताई. पुढच्या वर्षी दिवाळीनंतर आठवण करा.

चक्की_आणि_मी
माझी सुदामा नगरात चक्की आहे, अठरा वर्षं झाली. रोज पन्नास घरांचा गहू हाताखालून जातो, म्हणून लिहिते.

सूनबाई, नावावर जाऊ नका, दाण्यावर जा. पोत्यात हात कोपरापर्यंत घाला. गहू वाळलेला असेल तर हात सरसर आत जातो, ओल असेल तर अडतो. मग दाणा दाताखाली धरा, कट्‌ असा आवाज यायला हवा. दाबला गेला तर तो गहू वर्षभर ठेवण्याजोगा नाही, कितीही स्वस्त असो. मग दहा-बारा दाणे दोन मिनिटं नीट चावा. कोंडा निघून तोंडात च्युइंगमसारखा चिकट गोळा राहिला तर पोळी मऊ होईल आणि फुगेल. भुगा होऊन विरून गेला तर पोळीसाठी घेऊ नका. तुमच्या सासूबाई हेच करत असणार.

आणि पहिल्याच दिवशी दोन क्विंटल उचलू नका. दोन-तीन दुकानांतून एकेक किलो आणा, वेगवेगळा दळा, पोळ्या करून सकाळी डब्यात ठेवा आणि दुपारी खाऊन बघा. पन्नास-साठ रुपयांच्या दळणानं वर्ष वाचतं. सात हजारांत दोन क्विंटल चांगला लोकवन आरामात येईल.

सराफ्याजवळ
+१ शरबती. बाकी सगळं तडजोड.

लोकभारती_आठवण
एक दुरुस्ती. 'लोकवन' असं काही वाण नाही. ते लोक-१, इंग्रजीतला वन. गुजरातेत भावनगर जिल्ह्यात सणोसरा इथं लोकभारती ही संस्था आहे, तिथं ते निघालं, म्हणून 'लोक'. दुकानदारांनी त्याचं जंगल करून टाकलं. पाटीवर 'लोकवान'सुद्धा लिहिलेलं असतं.

जुना_इंदूरकर
इंदूरमध्ये तीन पिढ्या लोकवन म्हणतात. लोकांच्या तोंडी बसलं तेच नाव.

लोकभारती_आठवण
तोंडी बसलं म्हणून बरोबर ठरत नाही काका. ज्यांनी शेतात वर्षानुवर्षं निवड करून ते वाण काढलं, त्यांच्या गावाची खूण त्या नावात आहे. ती पुसली जाऊ नये, एवढंच.

मांडवीचा_माणूस
बडोद्याहून. आमच्याकडे भाल प्रदेशातला भालिया गहू येतो, लांब दाण्याचा, त्यालाही जीआय आहे. लाडू आणि लापशीला त्याच्यासारखा नाही. पोळीला मात्र आम्हीही लोक-१ घेतो.

किड्यांचं सांगतो. आम्ही गव्हाला दिवेल लावतो, म्हणजे एरंडेल. किलोला पाच मिलीच्या आतच पुरतं. जास्त लावलं की पीठ चक्कीत चिकटतं आणि चक्कीवाला ओरडतो. चादरीवर गहू पसरून तळव्यांनी चोळायचा, प्रत्येक दाण्याला नुसता हात लागल्यासारखा झाला पाहिजे. माझी आई आणि शेजारच्या दोन मावश्या दुपारभर हेच करायच्या, हात मऊ होऊन जायचे. त्या गव्हाला आमच्या घरी आजवर सोंडे लागलेले नाहीत.

हिशेबी७१
मी बँकेतून निवृत्त झालो आहे, म्हणून सरळ हिशेब मांडतो. दोन क्विंटल गव्हाला ७,०००, वर दळणावळ साधारण ८००. झाले ७,८००. मी पाच किलोची पिठाची पिशवी आणतो, ती २३० ला पडते. चाळीस पिशव्या, ९,२००. फरक १,४००, म्हणजे महिन्याला सव्वाशेच्या आत. त्यासाठी मंडी, रिक्षा, ऊन, कोठी, एरंडेल, किडे, दळणाच्या फेऱ्या. शिवाय ७,००० एकदम अडकतात. ज्या घरात याच महिन्यात फी भरायची आहे, तिथं हा विचार व्हावा.

अन्नपूर्णारोड
पिशवीतल्या पिठाची पोळी आणि दळून आणलेल्या गरम पिठाची पोळी एकच का काका?

हिशेबी७१
मला फरक कळत नाही. आमच्या सौभाग्यवतींना कळायचा, पण त्या गेल्यापासून दळण आणायला मन होत नाही.

अन्नपूर्णारोड
काका, माफ करा. मला माहीत नव्हतं.

तिसरा_मजला
किड्यांच्या विषयावर हात जोडून एक सांगायचं आहे. कोणी सल्फासच्या गोळ्या सुचवल्या तर ऐकू नका. कपड्यात बांधून कोठीत टाका, असं बरेच जण सहज सांगतात. ते अॅल्युमिनियम फॉस्फाइड असतं. हवेतली ओल लागली की त्यातून फॉस्फिन वायू सुटतो, आणि त्यावर उतारा नाही. ती गोदामासाठी, तीही जाणकाराच्या हातानं वापरायची वस्तू. आमच्या इमारतीत एका घरी झोपायच्या खोलीतल्या कोठीत त्या ठेवल्या होत्या. पहाटे दोन्ही लेकरं उलट्या करायला लागली. आठ दिवस दवाखान्यात होती, वाचली. मी त्या रात्री धाकटीला उचलून जिना उतरलो होतो, अंग गार पडलं होतं तिचं. गव्हाला किडे लागले तर लागू द्या.

चक्की_आणि_मी
अगदी खरं. माझ्याकडे कधी कधी गव्हात ती राखेसारखी भुकटी सापडते. मी तो गहू दळत नाही, परत पाठवते, गिऱ्हाईक रागावलं तरी चालेल.

कडुनिंबाचा सावलीत वाळवलेला पाला थराथरात घाला. गहू भरण्याआधी दोन कडक उन्हं द्या, पण उन्हातून काढून तसाच गरम भरू नका. आत वाफ धरते आणि तिथंच कीड सुरू होते. संध्याकाळी पसरून पूर्ण निवू द्या, दुसऱ्या दिवशी सकाळी भरा. कोठी भिंतीला टेकवू नका, खाली लाकडी पाट ठेवा. आणि जुन्या गव्हावर नवा ओतू नका, तळ कोरडा पुसून घ्या.

सराफ्याजवळ
एरंडेल लावा, उत्तम. कडुनिंबही चालतो.

बाफलेवाले_घर
कोणीच बाफल्यांचं बोललं नाही! बाफले पोळीच्या गव्हाचे होत नाहीत. त्यासाठी कठिया, म्हणजे ड्युरम गहू लागतो, ज्याला मालवराज म्हणतात तो. रवाळ जाड दळायचा, गोळे आधी उकळायचे, मग गोवरीवर भाजायचे आणि तुपात बुडवायचे. लोकवनच्या पिठाचे केले तर आतून चिकट राहतात. दोन क्विंटलमधला निदान तीस किलो कठिया घ्या.

जुना_इंदूरकर
बाफले मक्याचं पीठ घालून करतात, आमच्याकडे तरी.

बाफलेवाले_घर
मका घालायचा असेल तर थोडा. पाया कठियाचाच.

एचआय_प्रेमी
कठिया निघालाच आहे तर एक अभिमानाची गोष्ट. पुसा तेजस, म्हणजे एचआय ८७५९, हा कठिया आपल्या इंदूरच्या गहू संशोधन केंद्रात तयार झाला. वाणाच्या नावात एचआय दिसलं की समजा, इंदूरचं. पोळीसाठीही इथलंच एक वाण आहे, पूर्णा, एचआय १५४४. दाणा ठसठशीत, भाव लोकवनच्या आसपास. शरबतीच्या नावापुढे त्याला कोणी विचारत नाही, याचं वाईट वाटतं.

जुना_इंदूरकर
पूर्णा ऐकला आहे, खाल्लेला नाही. शरबतीची सर येणार नाही.

खजुरी_बाजार
केव्हा जायचं यावर कोणी बोललंच नाही. रंगपंचमीला गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक असते, त्या दिवशी राजवाड्याकडे फिरकूसुद्धा नका. लाखांनी माणसं असतात, तोफांनी रंग उडतो, सगळे रस्ते बंद. मागे एकदा मी त्याच दिवशी सियागंजातून मसाल्याचं सामान घेऊन निघालो होतो. दोन तास अडकलो, हळदीची पिशवी फुटली, तिखट भिजलं. मार्चच्या शेवटी हिशेबासाठी मंडी काही दिवस बंद असते, दुकानात विचारून मगच निघा. एप्रिलच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात नवा माल भरपूर येतो आणि भावही बसतो.

राजेंद्रनगरची_सून
सगळ्यांचे आभार. मी तीन वेळा सगळं वाचून काढलं. फक्त एक विनंती, ७,००० म्हणजे खरंच ७,०००.

जुना_इंदूरकर
मग एकच क्विंटल घ्या, पण शरबती घ्या.

राजेंद्रनगरची_सून
(एप्रिल, तिसरा आठवडा)

मंडळी, गहू आले. काय झालं ते सांगते.

चक्कीवाल्या ताईंचं ऐकून तीन दुकानांतून तीन नमुने आणले: एक शरबती, एक लोकवन, एक पूर्णा. पिशव्यांवर १, २, ३ एवढंच लिहिलं आणि सासूबाईंना सांगितलं नाही कुठला कोणता. त्या ओट्यापाशी खुर्ची घेऊन बसल्या. आधी दाणे चावले, मग तिन्ही कणका हातानं तिंबून बघितल्या. पोळ्या मी केल्या आणि तीन डब्यांत ठेवल्या. दुपारी दोनला त्यांनी प्रत्येकीचा तुकडा मोडला. मोडतानाच म्हणाल्या, 'तीन नंबर.' तो पूर्णा निघाला. शरबती दुसरा आला. जुना_इंदूरकर काका, रागावू नका.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हट्टच धरला, मंडीत मीही येणार. रिक्षा दुकानाच्या पायरीला लावली. पल्लेदारानं (हमालानं) पोतं उघडून तिथंच आणलं, त्यांनी बसल्या जागी कोपरापर्यंत हात घातला. पहिलं पोतं परत पाठवलं. दुसरंही. तिसऱ्यात हात गेला तसा चेहरा बदलला आणि मला म्हणाल्या, 'तू घाल आता हात.' मी घातला. परत पाठवलेल्या पोत्यातही घालायला लावला. तेव्हा फरक कळला. लिहून सांगता येत नाही, पण आता विसरणार नाही.

दोन नाही, एकच क्विंटल घेतला. ३,१०० ने पडला, छनाई, हमाली आणि भाडं मिळून आणखी ३८०. चाळल्यावर दीड किलो कचरा निघाला. पुढचा दिवाळीत घेईन. आधी वर्षाचा एकदम घ्यायचं मनात होतं, पण फीचं बघायचं होतं आणि अर्धी कोठी सांभाळणं मला पहिल्या वर्षी झेपेल. वाचलेल्या पैशांतून पाच किलो कठिया मात्र आणला, बाफलेवाल्या घराचं ऐकून.

एरंडेल काल लावलं. गच्चीवर चादर पसरली, सासूबाई खुर्चीत, मी आणि मुलगा खाली. त्याचे हात कोपरापर्यंत तेलकट झाले होते.

हिशेबी काका, तुम्ही राजेंद्र नगरच्या बाजूला राहत असाल तर कळवा. आमचं दळण दर पंधरा दिवसांनी जातं, तुमचे पाच किलो त्यात सहज दळून येतील.

हिशेबी७१
लोकमान्य नगर. डबा स्टीलचा आहे, झाकणावर तिचं नाव कोरलेलं आहे. रविवारी आणतो.