मदत हवी आहे : परवाची सायकल टूर रद्द करू का? (तातडीचे)

मुक्काम_पोस्ट : परवा नदीकाठची गाइडेड सायकल टूर बुक केली आहे, चौघांची. उद्या संध्याकाळी सहाच्या आत रद्द केली तर पैसे परत, नंतर एक छदाम नाही. आणि आता आई म्हणतेय, मला झेपेल का ते आधी बघ. टूरवाल्यांना मेल केला, उत्तर नाही. कुणी केली आहे का? लवकर सांगा, हॉटेलचं वायफाय यथातथाच आहे.

खारूताई : कुठली नदी? कुठला देश?

मुक्काम_पोस्ट : डॅन्यूब हो. व्हिएन्नात आहोत.

सह्याद्रीवेडा : मग वाखाउ खोरं असणार. क्रेम्स ते मेल्क, ३५-४० किमी. रस्ता सपाट, द्राक्षमळ्यांतून जातो. डोळे झाकून जा.

खारूताई : सायकलवर डोळे झाकून?

तिसरा_गिअर : क्रेम्सहून निघूच नका. नदी पूर्वेला वाहते, वारा बहुतेक वेळा पश्चिमेचा. मेल्कहून निघालात तर दोन्ही पाठीशी. नाहीतर सरळ ई-बाईक घ्या.

सह्याद्रीवेडा : ई-बाईक वीस-पंचवीस किलोची असते. कलंडली तर आईंनी सावरायची कशी? आणि गाइडेड टूरची दिशा हे ठरवणार आहेत का?

तिसरा_गिअर : चालवून बघितली आहे का कधी? मी तीन वर्षं ऑफिसला तीच नेतो.

जुनीपानी : वाटेत ड्यूर्नस्टाईन लागेल. तिसऱ्या धर्मयुद्धाहून परतणाऱ्या इंग्लंडच्या रिचर्ड राजाला तिथल्या किल्ल्यात डांबलं होतं, ११९२ च्या डिसेंबरात. किल्ला चुकवू नका. चढ आहे, पण आपल्या राजगडापुढे काहीच नाही.

खारूताई : काका, आईंचे गुडघे! वय किती? शेवटची सायकल कधी चालवली?

मुक्काम_पोस्ट : ५९. दहावीपर्यंत शाळेला सायकलनेच जायची, मग स्कूटी. गुडघे ठणठणीत, उंची पाच फूट. अजून काही? जन्मवेळ?

पुणेकर_७ : फॉरेक्स कार्ड वापरताय की रोख? कार्डवर युरो भरून ठेवलेले बरे.

गवतीचहा : सायकलींना ब्रेक कुठले आहेत?

मुक्काम_पोस्ट : ब्रेकचं काय? पायडल उलटं मारलं की ब्रेक, असं काहीतरी बुकिंगच्या मेलमध्ये आहे.

गवतीचहा : हेच ते! आपल्याला थांबल्यावर पायडल उलटं फिरवून पाय वर आणायची सवय. मी व्हायसेनकिर्खेनच्या दगडी गल्लीत तेच केलं. म्हणजे चालत्या सायकलवरच, थांबायच्या जरा आधी. चाक गचकन अडकलं आणि मी शेजारच्या फुलांच्या कुंडीत. गुडघ्याचा डाग अजून आहे. हँडब्रेकची, पायडल मागे मोकळं फिरणारी सायकल मागा, सीट खाली करून घ्या. पाय टेकले की निम्मी भीती जाते. शिवाय वाहतूक उजवीकडून. स्कूटीचा हात डावीकडे ओढतो.

तिसरा_गिअर : आणि वाईन चाखवतात तिथे जपून. सायकलस्वारालाही रक्तात ०.८ प्रति हजार अल्कोहोलची मर्यादा आहे.

मुक्काम_पोस्ट : आई वाईन पीत नाही.

खारूताई : मरिलनक्नोडल खाते का? आख्खा जर्दाळू पिठाच्या गोळ्यात, वरून लोण्यात परतलेला पावाचा चुरा. गोड सारणाचा मोदकच म्हणा.

गवतीचहा : उद्या सकाळी डोनाउइन्झेलला जा. यू-१ मेट्रोचं त्याच नावाचं स्टेशन आहे. एकवीस किमी लांबीचं बेट, गाड्या नाहीत, सायकली भाड्याने मिळतात. तासभर चालवू दे, मग सहाच्या आत ठरवा. परवा मध्येच दमल्या तर उत्तर काठावरून क्रेम्स-मेल्क बस आहे.

पुणेकर_७ : बसला कार्ड चालतं का?

मुक्काम_पोस्ट : (दुसऱ्या दिवशी) जाऊन आलो. आई पहिली दहा मिनिटं हँडल घट्ट धरून बसली होती, मग 'तुम्ही या मागून' म्हणून पुलापर्यंत गेली ती पाऊण तासाने परतली. टूर रद्द करत नाही. अडचण वेगळीच. बाबा तीनदा पडले.

खारूताई : बाबा? बाबांचं तर काही बोललाच नाहीत!

मुक्काम_पोस्ट : त्यांना येते असंच आम्ही चाळीस वर्षं धरून चाललो होतो. आज म्हणाले, कॉलेजला मित्राच्या डबलसीट जायचो. क्रेम्स ते मेल्क बोट असते ना? तिचं तिकीट आधी काढावं लागतं का?

तिसरा_गिअर : असते, पण ती प्रवाहाविरुद्ध, जवळजवळ दुप्पट वेळ घेते. म्हणून म्हणत होतो, मेल्कहून निघा.