घर हलवायला आलेल्या मित्राच्या हातात पैसे ठेवायचे का?

पूर्णाकाठ (धागाकर्ता)

आमच्या पट्ट्यात अलीकडे एक रीत पडत चालली आहे. घर बदललं, सामान उतरलं, की घरधनी मदतीला आलेल्या प्रत्येकाच्या खिशात पाचशेची नोट कोंबतो आणि मोकळा होतो. मला हे पटत नाही. मित्राला पैसे देऊ नयेत. त्याचं ऋण डोक्यावर राहू द्यावं आणि त्याच्या घरचं काम निघालं की अंगमेहनतीनेच फेडावं.

गावातलं घर हलवणं काय असतं ते इथल्या बहुतेकांना माहीत आहे. धान्याच्या कोठ्या, जातं, लोखंडी पलंग, कुटाराचे बोरे, गोवऱ्या, उतरवलेले कवेलू, वर गायवासरू. हे सगळं मृगाच्या आधी उरकावं लागतं, कारण पाऊस लागला की काळी माती ट्रॉलीचं चाक धरून बसते. म्हणजे ऐन मे महिना, पारा ४५ च्या आसपास, आणि पहाटेपासून ऊन तापेपर्यंतच काय ते काम होतं.

यंदा आमचं घर हललं. एका मित्राने स्वतःची वखरणी थांबवून ट्रॅक्टर आणला आणि डिझेलचेही पैसे घेतले नाहीत. दुसऱ्याने आईचा देव्हारा मांडीवर धरून नेला, ट्रॉलीत ठेवू दिला नाही. त्या देव्हाऱ्याची मजुरी किती लावायची? त्याला नोट दाखवली असती तर तो पुन्हा दारात आला नसता, आणि त्याचं बरोबरच असतं.

रोकठोक यवतमाळ

भाऊ, ट्रॅक्टरवाला मित्र आणि रोजावर जगणारा माणूस एका तराजूत टाकू नका. रोहयोची महाराष्ट्रातली मजुरी २०२५-२६ साठी दिवसाला ३१२ रुपये होती. ज्याची चूल त्या आकड्यावर पेटते त्याने तुमच्यासाठी दिवस मोडला, तर त्या दिवसाचं तेलमीठ कुठून येणार? तुमचं ऋण तुमच्या डोक्यावर राहील, पण त्याच्या घरी त्या रात्री काय शिजेल?

आणि हाक मारली की यायचं, याला आपल्या गावांत फार वाईट इतिहास आहे. हाक ठरावीक वाड्यांतून यायची, माणसं ठरावीक वस्त्यांतून जायची. नाही म्हणायची सोय नव्हती. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात महार वतनासंबंधी, म्हणजे गावाच्या पिढीजात सक्तीच्या चाकरीसंबंधी, विधेयक मांडलं ते उगीच नाही. पुढे राज्यघटनेच्या कलम २३ ने वेठीवर बंदी आणली. हाताला दाम मिळणं हा आमच्या आज्या-पणज्यांसाठी मान होता. ‘पैसे देऊन अपमान करू नका’ हे मला म्हणूनच खटकतं.

कोरडवाहू

दोघांचंही आयकलं. आमच्याइकडे इर्जिक होती. एकाच्या वावरात साऱ्या गावच्या बैलजोड्या यायच्या, संध्याकाळी गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे, वरण अन् वांग्याची भाजी. कोणी हिशेब मांडला नाही. पण खरं सांगतो, ज्याच्याकडे सोताची जोडी नव्हती त्याच्या वावरात लोक कमीच दिसत.

तरी मले पैशाची रीत नाही आवडत. शेंडगावचे गाडगेबाबा गावात आले का आधी खराटा हाती घेत, मंग भाकर. कामाची फेड जेवणानं होते, हे आपल्या अमरावती जिल्ह्यानं साऱ्या महाराष्ट्राले दाखवलं.

रोकठोक यवतमाळ

बाबा स्वतः झाडत होते, काका. दुसऱ्याकडून फुकट झाडून घेत नव्हते.

पवनीवाला

आमचं अख्खं गाव गोसीखुर्दमध्ये उठलं. धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींच्या हस्ते झाली, पण वैनगंगेचं पाणी चढून गाव हलायला कितीतरी वर्षं गेली. तेव्हा आम्ही नुसतं सामान नेलं नाही, घरच उकलून नेलं. सागाच्या मयाली, दाराच्या चौकटी, कवेलू. नव्या गावठाणात सावलीला झाडही नव्हतं.

शेजारी मदतीला येणं शक्य नव्हतं, कारण प्रत्येक जण आपलंच घर मोडत होता. आले ते बुडीत क्षेत्राबाहेरच्या गावांतले. काही सोयरे होते, काही फक्त बाजारातल्या ओळखीचे. त्यांच्यावर कधी गाव सोडायची पाळी येणार नव्हती, म्हणजे ‘त्यांच्या घरच्या कामात फेडू’ हे तिथे लागूच होत नाही. वडील त्यांना पैसे देऊ शकले नाहीत, आणि फेडूही शकले नाहीत. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत त्यांच्यापैकी कोणी दिसलं की ते उठून उभे राहत. धागाकर्त्याच्या नियमात ही माणसं कुठे बसतात, हे मला खरंच जाणून घ्यायचं आहे.

चांदूरची सून

सगळे उचलणाऱ्यांबद्दलच बोलताहेत. नवं घर आदल्या दिवशी सारवलं कोणी? दहा-पंधरा माणसांचा स्वयंपाक, तोही चूल नीट मांडलेली नसताना, कोणी केला? माझ्या जावा आणि शेजारच्या दोघी पहाटेपासून पाटोडी रस्सा आणि पोळ्यांत होत्या. पुरुषांना टॉवेल-टोपी मिळाली. बायकांना घासायची भांडी. तुमचं ‘जेवणानं फेड’ म्हणजे एकाचं ऋण फेडायला दुसऱ्यांचं घ्यायचं, आणि ते मोजायचंसुद्धा नाही.

पूर्णाकाठ

ताई, मान्य. आमच्याकडे शेजारच्या काकूंनी दोन्ही वेळचा चहा केला आणि त्यांचं नाव मी वर लिहायला हवं होतं असं तुम्ही म्हणाल तर ते रास्तच आहे. त्यांच्या नातीच्या बारशाला आमच्या घरचे पुरुष पंगत वाढतील, भांडीही घासतील.

रोकठोक, वेठ आणि मैत्री यांत मी एकच फरक पाहतो. ज्याला मी हाक मारतो, त्याच्या घरचं ओझं मी उचललं आहे का? नसेल तर तो मजूर, आणि आदल्या रात्रीच रोज ठरवून पैसे द्यावेत. ‘मित्र’ म्हणून बोलावून फुकट राबवणं ही चोरीच. पण ज्याच्या विहिरीच्या कामात मी उतरलो होतो, त्याला नोट देणार नाही.

पवनीवाले दादा, तुमच्या वडिलांनी जे केलं त्याच्यावर माझ्याकडे नियम नाही.

रोकठोक यवतमाळ

आदल्या रात्री रोज ठरवायचा, इतकं कबूल केलंत तर आपलं अर्ध्यावर जमलं. उरलेल्या अर्ध्यावर मी ठाम आहे. मित्र असला तरी रोजावर जाणारा असेल तर मी त्याचा दिवस भरून देईनच. घेत नसेल तर त्याच्या पोराच्या वह्या-पुस्तकांत घालीन. आणि त्याच्या घरी ओझं उचलायलाही जाईन. दोन्ही करता येतं.