भाडेकरू बदलले म्हणजे बिल्डिंग मेली?

रिकामा_गाळा:
काल इथे एकांनी लिहिलं की भर बाजारातल्या जुन्या ऑफिस बिल्डिंगीतून घड्याळजी गेला, शिंपी गेला, टायपिंग क्लास गेला, आता नुसती काचेची पार्टिशनं आणि लॅपटॉपवाले, थोडक्यात बिल्डिंग मेली. तिथेच प्रतिसाद लिहायला घेतला पण लांबला म्हणून वेगळा धागा. अहो, टायपिंग क्लास आला तेव्हा हाताने नकला उतरवणारे कारकून उठलेच ना, त्यांच्यासाठी कोण रडलं? शिकागोची फाइन आर्ट्स बिल्डिंग स्टुडबेकर कंपनीने १८८५ च्या सुमारास घोडागाड्या विकायला बांधली. १८९८ मध्ये तिथे चित्रकार आणि संगीतवाले आले, आणि आज लोक तिची ओळख म्हणून जे सांगतात ते या दुसऱ्या बिऱ्हाडाचं. तेव्हा मूळ मूळ करणं बंद करा.

तिसरा_मजला:
उदाहरण बरं सोयीचं शोधलंत. स्टुडबेकरवाले मोठी जागा बांधून गेले, त्यांना कुणी हाकललं नव्हतं. आमच्या बाबांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान तिसऱ्या मजल्यावर सव्वीस वर्षं होतं. नवीन मालकाने भाडं वाढवलं नाही, नोटीस दिली नाही, काही नाही. लिफ्ट बंद पडली ती फक्त दुरुस्त केली नाही. अकरा महिने. बाबांची गिऱ्हाइकं सगळी साठीच्या पुढची, जिना कोण चढणार, एकेक करून यायची बंद झाली आणि मग बाबांनीच चावी नेऊन दिली. कागदोपत्री "स्वेच्छेने जागा सोडली". आता सांगा हे नैसर्गिक बदल वगैरे.

वंगण:
मालकाची बाजू घेत नाही पण पंधरा वर्षं लिफ्टचंच काम करतोय म्हणून बोलतो. जुन्या लिफ्टचे पार्ट मिळत नाहीत, खास बनवून घ्यावे लागतात, वेळ लागतो. उगाच प्रत्येक वेळी कट शोधू नका. आणि लिफ्ट नव्हत्या तेव्हा वरचे मजले सगळ्यात स्वस्त असायचे हेही लक्षात घ्या. १८५७ ला न्यूयॉर्कमध्ये एका पाच मजली दुकानात ओटिस कंपनीची, माणसांना वर नेणारी लिफ्ट बसली, तशा लिफ्ट सगळीकडे पसरल्यावर गणित उलटलं, वरचा मजला महाग झाला. तुमच्या बाबांना तिसरा मजला परवडत होता तो कदाचित लिफ्ट खटारा होती म्हणूनच.

तिसरा_मजला:
वा. म्हणजे उपकारच झाले म्हणायचे.

जाळीचं_दार:
आता लिफ्टचा विषय निघालाच आहे तर, त्या सुंदर जाळीच्या लिफ्ट काढून स्टीलचे डबे बसवणाऱ्यांना काय म्हणावं? लॉस एंजेलिसच्या ब्रॅडबरी बिल्डिंगीत १८९३ पासूनच्या पिंजरा लिफ्ट जपल्यात, मग इतरांना काय धाड भरलीय?

वंगण:
जाळीत बोटं अडकलेली मी बघितलीत, तुम्ही फोटो बघितलेत. एवढाच फरक.

जाळीचं_दार:
नवीन लिफ्ट खपवायच्या असल्या की सुरक्षा आठवते. कमिशन किती सुटतं?

वंगण:
तोंड सांभाळून बोला. खड्ड्यात उतरून काम करतो मी, दलाली नाही करत.

उजेडवाली:
धागा बिल्डिंगीवर होता, लिफ्टच्या खड्ड्यात पडलाय. बाहेर काढते. जुन्या ऑफिसात कुठल्याच टेबलापासून खिडकी फार लांब नसायची कारण दिव्यांचा उजेड पुरायचा नाही. नंतर ट्यूबलाइट आणि एसी आले तसे मजले खोल होत गेले, मधल्या टेबलांना दिवस की रात्र ते कळेना. म्हणून जुन्या जागेत वकील, दाताचा डॉक्टर, लॅपटॉपवाला, कुणीही मावतो, अगदी घरंसुद्धा होतात. न्यूयॉर्कचं १९०२ चं फ्लॅटआयर्न बघा, २०१९ मध्ये मॅकमिलन प्रकाशन बाहेर पडलं, काही वर्षं रिकामं होतं, आता तिथे फ्लॅट करतायत. मेली कुठे बिल्डिंग?

तिसरा_मजला:
अहो पण फ्लॅट विकले की संपलंच ना. मालक शंभर झाले म्हणजे उद्या त्यांना उठवून परत घड्याळजी आणि छापखाना कोण आणणार? आजवर निदान कुणी गेलं तर त्या जागी दुसरं कुणी यायचं.

रिकामा_गाळा:
हं. हा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता, द्या एक गुण. पण टायपिंग क्लाससाठी मी तरीही रडणार नाही, दोनदा नापास झालोय तिथे.

वंगण:
@तिसरा_मजला, लिफ्टला नेमकं काय झालं होतं?

तिसरा_मजला:
दाराच्या कुलपातला कॉन्टॅक्ट गेलाय असं सांगायचे. दार लागलंय हे लिफ्टला कळतच नाही म्हणे. का?

वंगण:
तो मिळतो. त्याला अकरा महिने लागत नाहीत.